दहा दिवसांचा खाडा

शिबिरातली सगळ्यात चांगली सोय कोणती, असं कुणी विचारलं तर मी ध्यानाच्या हॉलचं नाव घेणार नाही. जेवणाचंही नाही, आणि जेवण बरं होतं. कार्यालयाच्या भिंतीला एक खिडकी आहे. तिथे बसलेल्या बाईंनी मला फोन बंद करायला लावला, कापडी पिशवीत घालून नाडी ओढली, पिशवीला ४१ नंबरचा बिल्ला अडकवला आणि तसाच दुसरा बिल्ला माझ्या हातावर ठेवला. "अकराव्या दिवशी सकाळी मिळेल." एवढंच. मी तिथेच उभी राहिले. मागच्या बाईने खांद्याला हात लावला तेव्हा बाजूला झाले.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं. बहुतेक लिहिणारे एकतर तिथून उजळून परततात, नाहीतर तिसऱ्या दिवशी पळून येतात. माझं दोन्ही झालं नाही. शिवाय माझ्यासारखं काम करणाऱ्या माणसाने तिथे जावं का, हे मला जाण्याआधी कुठेच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. केंद्राचं नाव देत नाही. पुढे मी तिथल्या नळाबद्दल आणि गादीबद्दल कुरकुरणार आहे आणि फुकट जेवू घालणाऱ्यांची नावानिशी बदनामी करायची नाही. अभ्यासक्रम सगळ्या केंद्रांवर एकच असतो, त्यामुळे तुमचं काही अडणार नाही.

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या संघटनेत काम करते. अकरा हंगाम झाले. आमचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडून गाळप चालू झालं की सुरू होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादम उचल देतो, ती पुढे तोडलेल्या टनांतून फेडायची. अंगात ताप आहे, पोर आजारी आहे, पाळी आहे, म्हणून एखाद्या दिवशी फडात गेलं नाही तर तो खाडा. खाड्याला दंड असतो. म्हणजे ज्या दिवशी कमाई नाही त्या दिवशी कर्ज वर चढतं. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण या सगळ्या लिखाणाचं मूळ तिथे आहे.

२०१९ साली आमच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. प्रकरण विधिमंडळात गेलं, समिती बसली. जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीचा खाडा नको, हेही त्यामागचं एक कारण बायका स्वतः सांगत होत्या. त्या वर्षापासून माझा नंबर पत्रकार, संशोधक, डॉक्युमेंटरीवाले यांच्या हातोहात फिरला. "ताई, एखादी केस मिळेल का? तिशीच्या आतली असली तर बरं." पहिल्या वर्षी मी भांडले. दुसऱ्या वर्षी समजावून सांगितलं. पाचव्या वर्षी मी वही उघडून केस शोधायला लागले होते.

बाकी रोजचं काम तेच. रात्री साडेअकराला फोन येतो की मुकादमाने बायकोला कर्नाटकातल्या फडावर अडकवून ठेवलंय आणि नवरा पैसे आणायला गावाकडे आलाय. मग त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा नंबर शोधा, तिकडच्या ओळखीच्या माणसाला उठवा, भाषा येत नाही म्हणून दुसऱ्याला उठवा. मागच्या जानेवारीत असाच एक फोन चालू होता. पलीकडे बाई रडत होती. मी "हो, हो, सांग" म्हणत होते आणि माझी नजर बॅटरीच्या आकड्यावर होती. नऊ टक्के. आठ टक्के. बॅटरी संपावी असं मला वाटत होतं. चार्जर हाताशी होता. मी तो लावला नाही.

फोन बंद पडला. सकाळी सहाला मी परत केला तेव्हा तिला तिच्या भावाने सोडवून आणलं होतं. काही वाईट घडलं नाही. पण त्या रात्रीनंतर मला माझी भीती वाटायला लागली.

निदान मात्र एका ऊसतोड टोळीतल्या म्हाताऱ्या बाईने केलं. तिच्या कोपीसमोर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीसमोर, बसून मी अर्ज भरत होते. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुमचं तर पार चिपाड झालंय वो."

बर्नआउट या शब्दाबद्दल मी नंतर वाचलं. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने तो एका लेखात वापरला, आणि तो कंपनीतल्या साहेबांबद्दल नव्हता. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल होता, त्यात तो स्वतःही आला. शब्द मुळात आमचाच, कंपनीवाल्यांनी नंतर उचलला. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही. २०१९ मध्ये तिने आपल्या यादीत त्याची व्याख्या कामातून येणारी स्थिती अशी केली: अंगातलं त्राण जाणं, कामावरून मन उडणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तिन्ही खुणा मला लागू होत्या. तरी मला चिपाड हाच शब्द नेमका वाटतो. ते आपोआप होत नाही, चरकातून जावं लागतं. आणि कारखान्यात चिपाडसुद्धा टाकून देत नाहीत, बॉयलरला घालतात.

शिबिराआधी मी दोन गोष्टी केल्या, त्याही सांगते.

एक, सरकारी दवाखान्यात गेले. मी डॉक्टरांना व्यवस्थेबद्दल, सततच्या हताशेबद्दल सांगत होते. त्यांनी ऐकता ऐकता माझी खालची पापणी ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ७.९. गावोगाव लोहाच्या गोळ्या वाटत फिरणारी मी! तीन महिने गोळ्या घेतल्यावर निम्मा थकवा गेला. ही गोष्ट कबूल करायला मला लाज वाटली, कारण मी त्या थकव्यावर मनातल्या मनात एक अख्खं भाषण रचून ठेवलं होतं. उरलेला निम्मा मात्र गोळ्यांनी गेला नाही.

दोन, पैसे देणाऱ्या एका संस्थेने ठेवलेल्या "स्वतःची काळजी" कार्यशाळेला गेले. दोन दिवस, डोंगरावरचं रिसॉर्ट, पोहण्याचा तलाव. आम्हाला कागदावर वर्तुळ काढायला सांगितलं. आत आपल्या गरजा, बाहेर इतरांच्या अपेक्षा, मधली रेघ जाड करायची. मी जाड रेघ काढत असताना त्याच संस्थेच्या दुसऱ्या बाईंचा मेसेज आला की तिमाही अहवाल आज रात्रीपर्यंत हवा. तो मी तलावाच्या काठावर बसून लिहिला. नाश्ता छान होता, डोसे होते.

मग संघटनेतले आमचे दादा म्हणाले, विपश्यना कर. दादांनी आणीबाणीनंतरची सगळी वर्षं चळवळीत काढली आहेत, त्यांच्या बायकोने घर चालवलं म्हणून काढता आली, हे ते स्वतःच सांगतात. आई म्हणाली, "नुसतं बसायचंच असेल तर इकडं कशाला, वारीला चल की. चालत गेलं की झोप तरी लागते." आईचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण वारीत फोन चालतो.

आता शिबिराकडे.

फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून. शिबिर पूर्ण करेपर्यंत तुमच्याकडून दान घेतही नाहीत. मला हे दोन कारणांनी आवडलं. चौदा हजार मानधनात परवडलं हे एक. आणि मी गिऱ्हाईक नाही हे पहिल्या तासात कळतं, हे दुसरं. एसटीचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून बायकांना आहेच, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च पाचशेच्या आत आला. शेवटी मी हजार रुपये दिले. पावती मिळाली.

अर्ज ऑनलाइन भरायचा. लांबलचक आहे आणि त्यात मानसिक आजार, चालू औषधं यांची नीट विचारपूस आहे. ती वरवर भरू नका. त्रास मोठा असेल, झोप आठवडेच्या आठवडे गेली असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर ही जागा नव्हे. आधी डॉक्टर. रात्री कुणीच नसेल तर १४४१६ वर सरकारची टेलिमानस सेवा फुकट आहे. दहा दिवस गप्प बसून डोक्यातलं सगळं वर येतं आणि तिथे तुमच्याजवळ बसायला कुणी नसतं, हे खरंच आहे.

मी आषाढात गेले. बीड कोरडं होतं आणि इथे डोंगर दिसत नव्हता इतका पाऊस. खोली दोघींची, मधे पडदा. गादी चार बोटांचीही नाही. न्हाणीघरातला नळ रात्रभर गळायचा आणि बोलायची बंदी असल्यामुळे मी त्याला शिव्याही देऊ शकत नव्हते. सेविकेला चिठ्ठी लिहावी तर कागद-पेन जमा. बोलता येतं, तिच्याशी अडचण सांगण्यापुरतं, पण हे मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर मी नळाखाली टॉवेल ठेवून झोपत होते.

पहाटे चारला घंटा. साडेचारला हॉलमध्ये किंवा खोलीत बसायचं. रात्री साडेनऊला दिवा बंद. मधे जवळजवळ दहा तास बसणं. शहरातून आलेल्या मुलींना चारच्या घंटेचा फार धसका होता. मला हसू आलं. टोळीत चारला उठणारी बाई म्हणजे आळशी. तीनला चूल पेटलेली असते, थंडीत उसाच्या वाढ्यावर दव असतं आणि बोटं वळत नाहीत. पहिल्या पहाटे डोळे मिटून बसले तेव्हा तेच डोळ्यांसमोर आलं आणि वाटलं, मी इथे उबदार हॉलमध्ये उशीवर काय करते आहे? हे मला दिवसातून वीसेकदा वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्याला नाव सापडलं. मला खाडा लागत होता. मुकादम नाही, उचल नाही, वहीत कुणी लिहीत नाही, आणि तरी मी माझ्यावरच दंड चढवत होते. अकरा वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध ओरडले तिची वही माझ्याच डोक्यात नीट मांडून ठेवलेली होती.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा. नाकाखाली, वरच्या ओठावर, एवढीशी जागा. कुठला मंत्र नाही, देव नाही. मी बघितला की नाही सांगता येत नाही. मी झोपले. बसल्या बसल्या झोपले, नाश्ता झाल्यावर झोपले, दुपारी बारा ते एकच्या सुट्टीत दगडासारखी झोपले. सेविका हळूच येऊन चवड्यावर बसायची आणि कानाजवळ छोटी घंटी हलवायची. तिच्या चेहऱ्यावर कधी राग नव्हता. सहाव्या वेळी मला वाटलं, ही बया माझ्यावर खेकसत का नाही? आमच्याकडे मीटिंगमध्ये पेंगलेल्याला दादा नाव घेऊन उठवतात.

जेवणाबद्दल. सकाळी पोहे किंवा उपमा, मोड आलेली मटकी, चहा. अकराला पोळी, भाजी, वरणभात, ताक. संध्याकाळी पाचला नव्या माणसांना चहा, कुरमुरे, एक फळ. रात्रीचं जेवण नाही. जुन्या साधकांना तर लिंबूपाणीच. भुकेचा त्रास दोन दिवस झाला, मग गेला. मीठ कमी, तिखट नावाला. मराठवाड्याच्या माणसाने पिशवीत लसणाची चटणी लपवून नेली तर मी समजू शकते, मी नेली नव्हती आणि पस्तावले. पण वाढणाऱ्या बायका! त्याही आधी शिबिर केलेल्या, फुकट राबणाऱ्या. दुसऱ्या दिवशी ताटापुढे एकीने पळी धरून भुवया वर केल्या. अजून वाढू? मला क्षणभर खूणच कळली नाही. मी कुठेही जेवते ती मीटिंगच्या मधे, उभ्याने, वाढणाऱ्याला मदत करत. मी मान हलवली, तिने वरण वाढलं, आणि ताटात बघत मी तशीच बसून राहिले. वरण गार झालं. वरणात काही विशेष नव्हतं.

चौथ्या दिवशी खरी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना बघत जायचं. खाज, कळ, मुंग्या, जे असेल ते. चांगलं वाटलं तर धरायचं नाही, वाईट वाटलं तर ढकलायचं नाही, याला तिथे समता म्हणतात. मग दिवसातून तीन वेळा तास तासभर असं बसायचं की हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. त्याला अधिष्ठान म्हणतात. पाचव्या दिवशी दुपारी अडीचच्या बैठकीत माझ्या उजव्या खांद्यात कळ सुरू झाली. ही ओळखीची, फोन मानेत धरून लिहिणाऱ्यांची. पत्र्यावर पाऊस वाजत होता. वीस मिनिटांनी कळ खांद्यातून कानामागे गेली, तिथे थांबली, आणि मला जानेवारीतला तो आवाज ऐकू आला. "ताई, ऐकताय ना?" नऊ टक्के, आठ टक्के. मला उठून बाहेर पळायचं होतं. पाय बधिर होते म्हणून पळता आलं नाही, हेच खरं. मग तास संपेपर्यंत तिथेच बसून ऐकलं. फोन कापायला नव्हता. शेवटी आचार्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजात 'भवतु सब्ब मंगलं' सुरू झालं तेव्हा माझ्या ओढणीचं टोक ओलं होतं आणि खांदा दुखायचा थांबला नव्हता. फक्त तो खांदा होता, इतकंच.

मला मिळालं असेल तर त्या तासात.

रोज संध्याकाळी सातला सत्यनारायण गोयंका यांचं प्रवचन पडद्यावर दाखवतात. ते २०१३ साली गेले, पण शिबिर अजून त्यांच्याच आवाजावर चालतं. माणूस १९२४ साली ब्रह्मदेशात मंडालेला जन्मलेला, व्यापारी, अर्धशिशीने हैराण होऊन सयाजी ऊ बा खिन या विपश्यनेच्या गुरूंकडे गेला आणि १९६९ मध्ये विद्या घेऊन भारतात आला. हिंदी साधी, गोष्ट रंगवण्याची हातोटी चांगल्या कीर्तनकाराची. दिवसभर मुक्या असलेल्या बायका तिथे खुदकन हसायच्या.

तरी त्या प्रवचनांशी माझं मनातल्या मनात भांडण चालू होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. दुःखाचं मूळ आपल्या आत, तृष्णेत आणि द्वेषात. ठीक. पण उचल ही माझ्या मनातली गाठ नव्हे, ती वहीत लिहिलेली रक्कम आहे, व्याज धरून. आमच्या बायकांनी कितीही समतेने बघितली तरी ती कमी होत नाही. मी ज्या महाराष्ट्रात वाढले तिथे बुद्ध नागपूरच्या दीक्षाभूमीवरून आला, १९५६ साली, लाखो माणसांबरोबर, संघर्षाच्या मागोमाग. तो बुद्ध एकेकट्याला डोळे मिटायला सांगण्यापुरता नव्हता.

दुपारी बाराला सहायक आचार्यांना पाच मिनिटं भेटता येतं. सातव्या दिवशी नाव लावलं आणि विचारलं, "समोर बाईला मारतायत, तेव्हा मी समतेने बघत बसू का?" त्या साठीच्या बाई. म्हणाल्या, बसू नका, जा, हात धरा, कठोर व्हायचं तर व्हा. फक्त आतून जळत जाऊ नका, कारण मग मारणारा आणि तुम्ही एकाच आगीत. मी म्हटलं, राग नसता तर मी या कामात आलेच नसते. त्या म्हणाल्या, आलात रागाने. अकरा वर्षं टिकलात कशाने? मला उत्तर देता आलं नाही. पाच मिनिटं संपली होती, पुढची बाई दारात उभी होती. हा प्रश्न पाच मिनिटांत बसत नाही आणि तिथे यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही, ही माझी सेवेबद्दलची पहिली गंभीर तक्रार.

दुसरी तक्रार ही की सगळं एकट्याने सोसायचं. आमच्यासारख्यांचा थकवा गटात तयार होतो, गटातच उतरतो. बैठकीत कुणी म्हणतं "मलाही झोप लागत नाही", तेव्हा खांदा जास्त सैल होतो. इथे शेजारची बाई रडत असते आणि तुम्ही तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. नियमामागचं कारण मला समजतं. मला तो जमला नाही. आठव्या दिवशी मी एका मुलीपुढे माझा रुमाल सरकवला आणि नियम मोडला.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटतं. एकदम पोल्ट्रीत शिरल्यासारखा कलकलाट. पडद्यापलीकडची माझी खोलीसोबतीण, जिच्या घोरण्यावरून मी तिचं अख्खं चरित्र रचलं होतं (शिक्षिका, विधवा, देवभोळी), ती निघाली पोलीस हवालदार. गणपती, निवडणुका, मोर्चे, सगळा बंदोबस्त. आम्ही दोघी हसत सुटलो. माझी निम्मी आंदोलनं तिच्यासारख्यांच्या कड्यासमोर बसून झालीत. ती म्हणाली, "तुम्ही घोषणा देता तेव्हा आम्ही पण पाच तास उभ्या असतो, आणि आम्हाला लघवीला सुद्धा जाता येत नाही." तिला या शिबिरासाठी खात्यातून रजा मिळाली होती. सरकारी नोकरांना तशी सोय आहे. तिने सहज विचारलं, "तुमच्यात रजा किती असते?"

आम्ही साप्ताहिक सुट्टीसाठी, बाळंतपणाच्या रजेसाठी, पाळीच्या दिवसांत दंड नको म्हणून मोर्चे काढतो. निवेदनं मी स्वतः लिहिते. आमच्या संघटनेच्या नियमावलीत रजा हा शब्द नाही. मी तिला म्हटलं, "असते की." खोटं बोलले. खोटं न बोलणं हे शिबिरात घेतलेल्या शीलांपैकी एक, म्हणजे शीलभंग, तोही शेवटच्या दिवशी.

अकराव्या दिवशी सकाळी सातला खिडकीवर बिल्ला दिला, पिशवी मिळाली. फोन चालू करायला मी एसटी स्टँडपर्यंत हात लावला नाही. मग १,९०० मेसेज. एका मुकादमाचे नऊ मिसकॉल. त्याला फोन लावला तर म्हणतो, "ताई, कुठं होता? आम्हाला वाटलं उचलून नेलं तुम्हाला कुणी." मेसेजमधले खरोखर महत्त्वाचे तीन होते. एका बाईच्या मागच्या हंगामाच्या हिशोबाचा अर्ज द्यायचा होता, मुदत संपत होती. आमच्या तेवीस वर्षांच्या कार्यकर्तीने तो स्वतः लिहून कामगार कार्यालयात दिला होता. तिने त्याचा फोटो पाठवला. दोन मुद्दे सुटले होते, अक्षर वाकडंतिकडं, आणि खाली पोचपावतीचा ठळक शिक्का. मला आधी आनंद झाला नाही. आधी राग आला, माझ्याशिवाय कसा काय दिला? स्टँडवर वडापाव खाताना हे लक्षात आलं. दहा दिवस संवेदना बघायला शिकलेली बाई मी, निदान तेवढी तरी पकडली.

फरक किती टिकला? रोज सकाळ-संध्याकाळ तास तासभर बसा म्हणतात. मी महिनाभर सकाळी वीस मिनिटं बसले, गणपतीत सुटलं. झोप मात्र टिकली. राग आहे तसाच आहे, फक्त आता कळतो तेव्हा तो आधी उजव्या खांद्यात येतो. खरा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. संघटनेने वेगळं सिम घेतलं. तो फोन चौघी आठवड्याने आलटून पालटून सांभाळतात आणि ज्यांचा आठवडा नाही त्यांचे फोन रात्री नऊनंतर बंद. प्रत्येकीला महिन्यात चार दिवस सुट्टी. रजिस्टरमध्ये त्या रकान्याला काय नाव द्यावं यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी तेवीस वर्षांच्या त्या पोरीने लिहिलं, "बिनदंडाचा खाडा". दादांना आवडलं नाही. राहू दिलं.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. खिडकीला पाच, वाढणाऱ्या बायकांना पाच, गादीला एक, प्रश्नोत्तरांना दोन. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर अर्जातच लिहा, खुर्ची देतात. रक्त आधी तपासून घ्या. आषाढात जाणार असाल तर स्वतःची छत्री न्या, दांड्याला रंगीत दोरा बांधून. हॉलबाहेर शंभर काळ्या छत्र्या एकाच ठिकाणी ठेवलेल्या असतात आणि आपली कोणती हे विचारता येत नाही. माझी दुसऱ्याच दिवशी कुणीतरी नेली. परत आले ती दुसऱ्या कुणाची तरी घेऊन, अजून वापरते आहे.